निकोटिनच्या धंद्यात उतरलेली लहान कंपनी आणि दहा वर्षांचा धीर

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या अभियंत्याने आपल्या सुमारे २० लाखांच्या बचतीपैकी ६ लाख रुपये एका लहान कंपनीच्या शेअरमध्ये घातले आहेत. ही कंपनी आजवर डाय इंटरमीडिएट्स, म्हणजे रंगांसाठी लागणारी रसायने, करीत असे. आता तिने वर्षाला ६० टन शुद्ध निकोटिन काढण्याचा विभाग उभारला असून पुढे निकोटिनचे च्युइंगगम आणि परदेशासाठी पाऊच, म्हणजे ओठाआड ठेवायच्या निकोटिनच्या पुड्या, करण्याचा मानस जाहीर केला आहे. घेतल्यापासून भाव ४० टक्क्यांनी उतरला आहे. त्यांचे म्हणणे असे, की सिगारेट कमी होत जाणार आणि तिची जागा ही उत्पादने घेणार हे स्पष्ट दिसत असताना दहा वर्षे गप्प बसून राहण्यात चूक काय, आणि खालच्या भावात आणखी घेऊन सरासरी का करू नये?

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात तीस वर्षांहून अधिक काळ सनदी लेखापाल म्हणून काम करतो आणि त्यातला बराचसा काळ वडोदरा, आणंद आणि नंदेसरी भागांतील लहान रासायनिक व औषधी कंपन्यांची हिशेबतपासणी करण्यात गेला आहे. सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार मी नाही, त्यामुळे घ्या किंवा विका असे सांगणार नाही. हा शेअर माझ्या टेबलावर आला असता तर मी काय तपासले असते एवढे सांगतो.

मुदतठेव दहा वर्षे ठेवली की ती आपोआप वाढते, कारण वाढण्याचा करार पहिल्याच दिवशी झालेला असतो. शेअर मात्र मुरांब्यासारखा बरणीत घालून फडताळात ठेवला म्हणून मुरत नाही. कंपनीत काहीतरी पिकत असेल, म्हणजे एखादी मंजुरी, एखादा पुन्हा पुन्हा माल उचलणारा ग्राहक किंवा हातात येणारी रोकड, तरच तुमचे थांबणे कामी येते. म्हणून दहा वर्षे थांबण्याची तुमची तयारी आहे की नाही यापेक्षा तुम्ही नेमकी कशाची वाट पाहत आहात, हा प्रश्न मला आधी महत्त्वाचा वाटतो. निकोटिनच्या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देता येते.

आधी एक हिशेब करू, कारण तुमच्या पत्रात ‘बाजार प्रचंड आहे’ हे वाक्य तीनदा आले आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे २६.७ कोटी माणसे, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती. त्यांतल्या १ कोटी लोकांनी उद्या व्यसन सोडायचे ठरवले आणि प्रत्येकाने २ मिलिग्रॅमचे गम रोज १० या प्रमाणात १२ आठवडे चघळले, असे समजा. एका माणसाला ८४० गम लागतील आणि त्यांतील निकोटिन भरेल १.६८ ग्रॅम. म्हणजे १ कोटी लोकांसाठी सुमारे १७ टन. एक किलो निकोटिनातून २ मिलिग्रॅमचे ५ लाख गम होतात, हे एकदा ध्यानात घेतले की ‘प्रचंड बाजार’ या शब्दाचे वजन आपोआप उतरते.

परदेशाकडे पाहू. झिन हा अमेरिकेतील सर्वांत मोठा निकोटिन पाऊच आहे आणि २०२४ मध्ये तेथे त्याचे सुमारे ५८ कोटी डबे गेले. एका डब्यात १५ पाऊच आणि एका पाऊचमध्ये ३ किंवा ६ मिलिग्रॅम निकोटिन धरले, तर एवढ्या अवाढव्य विक्रीला वर्षाकाठी २६ ते ५२ टन निकोटिन पुरते. तुमच्या कंपनीचा विभाग एकट्याने ६० टनांचा आहे. ई-सिगारेटच्या द्रवासाठी परदेशात याहून अधिक माल लागतो हे खरे. पण तो माल घेणारा कोण, तो आज कोणाकडून घेतो आणि त्याने पुरवठादार का बदलावा, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर ६० टन हा आकडा माझ्या दृष्टीने क्षमतेचा नसून जोखमीचा आहे.

दुसरी गोष्ट अशी, की निकोटिन काढणे ही आपल्या भागात नवलाईची विद्या नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाची उमेदवारी, करीत असताना मला साठामोजणीसाठी पेटलादच्या एका खळीत पाठवले होते. खळी म्हणजे चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, बिडीची तंबाखू कुटून चाळतात ते आवार. पेटलाद जुने गायकवाडी गाव, म्हणून आमच्या घरी सगळ्यांना त्याचे कौतुक. तोंडाला ओला रुमाल बांधूनही अर्ध्या तासात शिंकांनी बेजार झालो, दुपारनंतर डोके गरगरू लागले आणि परतताना बस थांबवून उलटी करावी लागली. म्हातारे मुनीमजी हसून म्हणाले, की पानापेक्षा भुकाच जास्त चढतो. हाच भुका आणि देठांचा चुरा, जो बिडीला चालत नाही, तो निकोटिन काढणारे उचलत असत. त्यापासून ४० टक्क्यांचे निकोटिन सल्फेट होई आणि कीटकनाशक म्हणून ते परदेशी जाई. १९९२ मध्ये सरकारने त्याचा देशातील वापर बंद केला, निर्यातीसाठी उत्पादन मात्र चालू राहू दिले. सांगायचे कारण असे, की कच्चा माल जवळ असणे आणि अर्क काढता येणे या गोष्टी तुमच्या कंपनीच्या सादरीकरणात बलस्थाने म्हणून दाखवल्या आहेत, आणि त्या तर तिच्या शेजाऱ्याकडेही आहेत. आयटीसीसारख्या समूहानेही स्वतंत्र उपकंपनी काढून मैसूरजवळ निर्यातीसाठी निकोटिनचा कारखाना उभारला आहे. त्याच्याशी भावात झुंजणे तुमच्या कंपनीला परवडणारे नाही.

मग दुर्मीळ काय आहे? शुद्धता आणि कागद. ताजे निकोटिन रंगहीन ते फिकट पिवळे असते आणि हवा लागली की तपकिरी होत जाते, म्हणून ते नायट्रोजनखाली भरावे लागते. त्यात अ‍ॅनाबसिन, अ‍ॅनाटबिन, नॉरनिकोटिन, मायोसमिन, कोटिनिन असे तंबाखूतलेच भाऊबंद सोबत येतात. त्यांच्या मर्यादा औषधकोशात ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक खेपेला त्या पाळल्या गेल्याचे दाखवावे लागते. औषधी गम करणारा ग्राहक आधी नमुना मागतो, मग कारखाना पाहायला माणसे पाठवतो, मग लागोपाठ तीन खेपा एकसारख्या निघतात का ते बघतो, मग ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने माल टिकतो का हे तपासतो, आणि हे सगळे झाल्यावर स्वतःच्या देशातील नियामकाकडे ‘आम्ही पुरवठादार बदलत आहोत’ असा अर्ज करतो. यात दोन ते तीन वर्षे सहज जातात. एकदा हे पार पडले की तोच ग्राहक किलोमागे थोड्या पैशांसाठी पुन्हा पुरवठादार बदलण्याच्या भानगडीत पडत नाही. या व्यवसायात धीराला जागा आहे ती इथे, आणि तुमची कंपनी या वाटेवर खरोखर चालत असेल तर पहिली तीन वर्षे नफा न दिसणे हे वाईट लक्षण मानू नये.

पण या वाटेवरचे मैलाचे दगड ओळखता आले पाहिजेत, कारण कंपन्या ते हवे तसे रंगवतात. तुम्ही पाठवलेल्या घोषणेत ‘अमेरिकेत डीएमएफ प्राप्त’ असे मोठ्या अक्षरांत आहे आणि त्या दिवशी शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल वाढीच्या मर्यादेला, बंद झाला होता. डीएमएफ, म्हणजे ड्रग मास्टर फाइल, ही कोणालाही सादर करता येते आणि अमेरिकेचे औषध प्रशासन तिला मंजुरी देत नाही. फाइलला क्रमांक मिळतो, आणि एखाद्या औषध कंपनीने स्वतःच्या अर्जात तिचा हवाला दिला तरच ती उघडून तपासली जाते. माल युरोपीय औषधकोशाबरहुकूम असल्याचे सांगणारे युरोपचे सीईपी प्रमाणपत्र त्याहून वजनदार, कारण ते कागदपत्रांची छाननी झाल्यावरच मिळते. तेव्हा डीएमएफच्या बातमीला मी फारसे गुण देणार नाही, सीईपीला देईन, आणि सर्वांत जास्त गुण एकाच ग्राहकाला दुसऱ्या वर्षी गेलेल्या मालाला देईन.

आता कायदा. तंबाखूच्या आसपासचा कोणताही धंदा सरकारच्या मर्जीवर चालतो आणि ती मर्जी एका सकाळी फिरू शकते. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी मंत्रिमंडळाने ई-सिगारेटवरील बंदीच्या अध्यादेशाला मान्यता दिली आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, विक्री, आयात, निर्यात, साठा, जाहिरात सगळे बंद, पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत तंबाखूपासून न काढलेले, प्रयोगशाळेत बनवलेले निकोटिन वापरले की तंबाखूचा कायदा लागू होत नाही, या फटीवर अनेक लहान कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती फट बुजवली. बेल्जियमने २०२३ मध्ये निकोटिन पाऊचवर बंदी घातली. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद केली. दुसरीकडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये झिनच्या २० प्रकारांना विक्रीची परवानगी दिली, म्हणजे दार उघडतेही. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी लागणारी वर्षानुवर्षांची माहिती आणि वकिलांचा खर्च झिनची मालक असलेल्या फिलिप मॉरिसच्या खिशाला परवडतो. सव्वाशे कोटी बाजारमूल्याच्या कंपनीने अमेरिकेत स्वतःच्या नावाचा पाऊच विकायचे म्हणावे, हे मला हौसेचे वाटते. कच्चा माल पुरवणे हे तिच्या आवाक्यातले आहे.

मंजुरी मिळाली म्हणजे भागधारकाचे भले झाले असेही नाही. अत्यल्प निकोटिनची सिगारेट करणाऱ्या ट्वेंटी-सेकंड सेंच्युरी ग्रुप या अमेरिकी कंपनीला डिसेंबर २०२१ मध्ये अगदी हवी होती तशी परवानगी मिळाली. त्यानंतरच्या तीन वर्षांत विक्री जुळेना, पैसा संपत गेला, नवे शेअर काढले गेले, रिव्हर्स स्प्लिट (अनेक शेअरांचा मिळून एक करणे) एकामागून एक झाले आणि जुन्या भागधारकाच्या हाती जवळजवळ काही उरले नाही. मोठ्यांनाही हे चुकत नाही: आल्ट्रिया या अमेरिकी सिगारेट कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये जूल या ई-सिगारेट कंपनीच्या ३५ टक्के हिश्श्यासाठी १२.८ अब्ज डॉलर मोजले आणि मार्च २०२३ मध्ये तो हिस्सा काही पेटंट-हक्कांच्या बदल्यात सोडून दिला. आल्ट्रिया तो घाव सोसून उभी राहिली, कारण तिच्यामागे सिगारेटची रोकड होती. तुमच्या कंपनीमागे डाय इंटरमीडिएट्सची रोकड आहे, आणि ती गेली दोन वर्षे आटत चालली आहे.

देशातील गमबद्दल थोडेच बोलतो. २ मिलिग्रॅमचे गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. खाद्यपदार्थात निकोटिन घालण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई आहे, म्हणून गम औषध म्हणूनच विकावे लागते आणि पाऊचला येथे तसा सरळ रस्ता नाही. सिप्लाचे निकोटेक्स बाजारात घट्ट बसलेले आहे. शिवाय सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत निकोटिन प्रतिस्थापन उपचाराचा, म्हणजे गमसारख्या औषधांतून निकोटिन देऊन व्यसन सोडवण्याचा, समावेश झाला. रुग्णाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, पण सूचीत आलेल्या औषधाला किमतीची कमाल मर्यादा लागू होते आणि ती बाजारात १ टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडांच्या सरासरी किमतीवरून ठरते, हे नवा ब्रँड आणणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आणि या मालाचा एक विचित्र स्वभाव आहे: औषध लागू पडले की गिऱ्हाईक तीन महिन्यांत कायमचे निघून जाते. एकदा रावपुऱ्यातील चार मेडिकलवाल्यांना विचारून या, की महिन्याला किती पाकिटे जातात आणि घेणारा ब्रँडचे नाव घेऊन मागतो की नुसते ‘ती सिगारेट सोडायची गोळी’ म्हणतो. मग कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीजवळ दहा मिनिटे उभे राहा. दोन्हींतला फरक पाहिलात की या बाजाराची चाल कळेल. ते कोणत्याही सादरीकरणात लिहिलेले नसते.

ब्रँड घडवायला लागणारा पैसा किती, याचा अंदाज डॉ. रेड्डीजवरून येईल. त्यांनी २०१४ मध्ये नोव्हार्टिसकडून अमेरिकेतील हॅबिट्रॉल हा निकोटिन पट्टीचा ब्रँड घेतला, त्या बाजारात दहा वर्षे काढली आणि २०२४ मध्ये हेलिऑनचे निकोटिनेलसह अमेरिकेबाहेरचे निकोटिन ब्रँड ५० कोटी पौंडांपर्यंतच्या किमतीला घेतले. रसायन करण्याची ताकद असलेली कंपनीसुद्धा नावासाठी एवढी रक्कम मोजते.

हिशेबाकडे वळतो, हे माझे रोजचे काम. तुम्ही पाठवलेल्या अहवालात तीन जागी मी पेन्सिलीने खूण केली आहे. पहिली, नवा विभाग ‘कार्यान्वित झाला’ असे संचालकांच्या निवेदनात आहे, पण ताळेबंदात ती रक्कम अजून कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेसमध्येच, म्हणजे अपुऱ्या बांधकामाच्या खात्यातच, दिसते; चालू झालेल्या यंत्रावर घसारा लागतो आणि नफा कमी दिसतो, म्हणून हा उशीर पुष्कळदा सोयीचा असतो. दुसरी, विक्री जेमतेम वाढली असताना ग्राहकांकडची येणी ७० दिवसांवरून १४० दिवसांवर गेली आहेत. तिसरी, प्रवर्तकांना दिलेली वॉरंट, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क. वॉरंटला सुरुवातीला २५ टक्के रक्कम भरावी लागते आणि उरलेली १८ महिन्यांत. बाजारभाव त्या किमतीच्या खाली गेल्यावरही प्रवर्तक उरलेले ७५ टक्के भरतात की पहिली रक्कम बुडू देतात, हे तुम्हाला येत्या फेब्रुवारीपर्यंत दिसेल. कंपनीवर तिच्या मालकाचा किती विश्वास आहे, याचे इतके स्वच्छ मोजमाप दुसरे नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. २०१० च्या सुमारास मी स्वतः एका लहान औषधी कंपनीचे शेअर घेतले होते; नाव सांगत नाही. परदेशी मंजुरी येणार आणि मग कंपनी दसपट होणार, अशी माझी खात्री होती, आणि भाव पडेल तसे मी वाढवत गेलो. सहाव्या वर्षी घराच्या रंगकामासाठी कपाट रिकामे करताना तिचे तीन वार्षिक अहवाल एकाशेजारी एक पडले. तिन्हींत ‘मंजुरीची प्रक्रिया अंतिम टप्प्यात असून पुढील वर्षी फलद्रूप होईल’ हे एकच वाक्य होते, छपाईतील चुकीसकट. मी दुसऱ्यांचे अहवाल पेन्सिल घेऊन वाचत होतो आणि स्वतःचे पाकिटातून काढलेसुद्धा नव्हते. सातव्या वर्षी विकले तेव्हा रुपयातले चार आणे हाती आले. त्या काळात मी त्याला दीर्घकालीन गुंतवणूक म्हणत असे.

तुमच्या जागी मी काय केले असते ते सांगतो. २० लाखांत ६ लाख, म्हणजे ३० टक्के, एका अशा कंपनीत ठेवणे, जिचे भवितव्य एका अधिसूचनेवर फिरू शकते, हे मला मान्य नाही. मी तो भाग १ लाखाच्या आसपास आणला असता. एकदम विकता येणार नाही, कारण एवढ्या लहान शेअरला खरेदीदार दिवसाला मोजकेच असतात आणि शेअर बाजाराच्या निगराणीखाली गेला तर सर्किटही ५ टक्क्यांवर किंवा त्याखाली येते. भाव वर असलेल्या दिवशी थोडे थोडे सोडावे लागेल. वर्षापेक्षा जुन्या शेअरवरचा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो आणि विवरणपत्र वेळेत भरले असेल तर ८ वर्षे पुढे नेता येतो, त्यामुळे म्युच्युअल फंडातील नफा त्याच वर्षी काढला तर १२.५ टक्क्यांच्या करातून काही परत मिळेल. उरलेल्या १ लाखावर सरासरी करायची ती भाव पडला म्हणून नव्हे. सीईपी मिळाले, किंवा निकोटिनची विक्री दोन वर्षे लागोपाठ स्वतंत्र विभाग म्हणून दिसली, आणि तिचे पैसे बँकेत आले, तर. त्या वेळी भाव आजच्यापेक्षा चढा असेल. असू द्या.

तुमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप, की हा पापाचा पैसा आहे, तुम्ही कंसात लिहिला आहे, पण तो कंसात टाकण्यासारखा नाही. कर्करोगाला मुख्यत्वे धूर आणि तंबाखूतील नायट्रोसामाइन जबाबदार आहेत, एकटे निकोटिन नव्हे. आणि निकोटिनच्या गमसारख्या उपचारांनी व्यसन सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते, हे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात आलेले आहे. पण व्यसन लावते ते निकोटिनच, आणि पुदिन्याच्या चवीचा पाऊच कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलाच्या हाती गेला तर तेथे कोणताही उपचार चाललेला नसतो. कंपनी गमकडे जाते की पाऊचकडे, यावरून घरातला वादही मिटेल किंवा पेटेल.

कंपनीची वार्षिक सभा सप्टेंबरात आहे आणि ती व्हिडिओवर होते. एक शेअर असला तरी वक्ता म्हणून नाव नोंदवता येते. कंपनी सचिवांना सूचनेत दिलेल्या मुदतीत ईमेल करावा लागतो. प्रश्न लेखी पाठवा, म्हणजे उत्तर टाळणे अवघड जाते. मी दोनच विचारीन: गेल्या वर्षी गेलेल्या निकोटिनपैकी किती किलो अशा ग्राहकांकडे गेले ज्यांनी त्याआधीच्या वर्षीही माल घेतला होता, आणि १४० दिवसांच्या येण्यांपैकी सहा महिन्यांहून जुनी रक्कम किती, व ती संबंधित पक्षांकडून येणे आहे काय. उत्तर आले की अहवालासह माझ्याकडे या. शनिवारी दुपारी मी कार्यालयातच असतो.